लेबलं उसवली तो दिवस

शिपमेंटच्या तोंडावर ऑर्डर रद्द होणं आम्हाला नवीन नाही. सोलापुरात राहून अमेरिकेला टेरी, म्हणजे अंगावर सुताचे बारीक लूप असलेले, टॉवेल पाठवायचे तर ते धरूनच चालावं लागतं. तिकडचं दुकान बुडतं, आयातदार भावावरून अडून बसतो, जहाज हुकतं. पण दोनेक वर्षांपूर्वीची एक ऑर्डर माझ्या डोक्यातून अजून जात नाही. माल पास झालेला होता, वेळेत होता, भाव लेखी ठरलेला होता. नापास झालं ते मालावरचं नाव. आणि ते नाव एकेका टॉवेलावरून उसवून काढायचं काम आमच्या चेकिंगच्या बायकांवर आलं.

मी मर्चंडायझर. इचलकरंजीच्या डीकेटीई कॉलेजात टेक्स्टाइल शिकले आणि तेव्हापासून टॉवेलातच आहे. गिऱ्हाइकाच्या मेलमधलं वाक्य लूमवरच्या पिकांत (आडव्या धाग्यांत), डायच्या म्हणजे रंगाच्या ग्रॅममध्ये आणि हेमच्या, म्हणजे दुमडलेल्या काठाच्या, टाक्यांत बसवायचं, हे माझं काम.

ऑर्डर होती एका अमेरिकन अभिनेत्रीच्या नावाची. सिनेमे कमी झाल्यावर तिनं घर, स्वयंपाकघर, बाग यांवर एक ब्रँड काढला होता. अशा ब्रँडची साखळी बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. त्या बाईकडे असतं फक्त नाव. ते नाव सांभाळणारी एक कंपनी असते. ती न्यूयॉर्कच्या आयातदाराला ते वापरायचा परवाना देते आणि विकलेल्या प्रत्येक नगावर रॉयल्टी घेते. आयातदार माल दुकानांच्या साखळीला देतो आणि सूत, पाणी, कोळसा, मजुरी घालून तो माल प्रत्यक्ष बनवतो आम्ही. नाव सोडून टॉवेलात जे जे काही असतं, ते सगळं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून जातं.

पहिली लढाई रंगाची झाली. ब्रँडच्या टीमनं पँटोन नंबर, म्हणजे रंगाचा ठरलेला क्रमांक, दिला नाही. एक फोटो पाठवला. पहाटेचं धुकं, ओलं गवत, कोपऱ्यात पांढरी खुर्ची. ‘असा रंग’ म्हणे. राखाडीकडे झुकणारा हिरवा हा रिअ‍ॅक्टिव्ह डायिंगमधला सगळ्यात छळणारा रंग आहे. पिवळा, लाल आणि निळा असे तीन डाय मिळून तो होतो. त्यातला एक चिमूटभर पुढे गेला की टॉवेल शेवाळी दिसतो किंवा जांभळट मारतो. त्यात आमचं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. सॉफ्टनिंग प्लांटवर नजर ठेवली नाही तर सकाळची बॅच आणि संध्याकाळची बॅच सख्ख्या बहिणी वाटत नाहीत. शिवाय दिवसाच्या उजेडात जुळलेली शेड दुकानातल्या ट्यूबखाली वेगळीच दिसते, याला मेटामेरिझम म्हणतात. आमच्या डायमास्टरनं डाय बदलून बदलून अशी रेसिपी बसवली की लाइट बॉक्समध्ये डी-६५ (दिवसाचा उजेड) लावा की टीएल-८४ (दुकानातली ट्यूब), शेड हलत नव्हती. ज्याला यातलं कळतं त्याला विचारा, हे किती अवघड आहे. तिकडून उत्तर आलं, ‘लव्हली’. पुढच्याच ओळीत विचारणा होती, लाँचच्या फोटोशूटसाठी नमुने कधी मिळतील.

दुसरी लढाई मऊपणाची. दुकानात गिऱ्हाईक टॉवेलाला हात लावतं, पाणी लावत नाही. म्हणून प्रत्येक ब्रँडला शेल्फवर मऊ लागणारा टॉवेल हवा असतो आणि तो मऊपणा सिलिकॉन सॉफ्टनरनं येतो. पण साधं सिलिकॉन सढळ वापरलं की लूपवर पाणी मोत्यासारखं उभं राहतं, आत जात नाही. अंघोळ करून आलेला माणूस पुसतोय, पुसतोय आणि ओलाच. मी हायड्रोफिलिक सॉफ्टनर धरला. महाग आहे, पण पाणी पितो. त्यावर कोंब्ड रिंग सूत (विंचरून साफ केलेलं), ५५० जीएसएम (चौरस मीटरला ५५० ग्रॅम), लूप उंच पण दाट. मला तो टॉवेल आवडला होता, हे मोकळेपणानं सांगते. या सगळ्या महिन्यांत ब्रँडच्या बाजूनं, ‘अंग नीट पुसलं जातं का?’ हा प्रश्न एकदाही आला नाही. आमच्या चेकिंगच्या अक्का मात्र नवा टॉवेल हातात आला की कोपरा पाण्यात बुडवून बघतात आणि मगच बोलतात.

तिसरी मागणी म्हणजे बाईंची सही बॉर्डरमध्ये विणून हवी. डॉबी लूमवर साध्या नक्ष्याच निघतात, सही निघत नाही, तिला हवी ती नक्षी विणणारा जॅकार्ड लागतो. सोलापुरात जॅकार्डला तोटा नाही. आमच्या चादरी त्यावरच निघतात आणि चादरीच्या काठात कारखान्याचं नाव विणून घालायची इथली जुनी रीत आहे. पण त्या भावात जॅकार्डचा टॉवेल बसत नव्हता. म्हणून विणलेलं लेबल हेममध्ये घालायचं ठरलं. सही विणली असती तर पुढे तो माल कुणालाच विकता आला नसता.

फायनल इन्स्पेक्शन एक्यूएल २.५ ला (दोषांची चालणारी मर्यादा) सरळ पास झालं. कार्टन बांधून तयार होते, न्हावा शेव्याच्या कंटेनरची वेळ ठरली होती. आणि मेल आला. दुकानाच्या साखळीनं हा प्रोग्राम पुढे न नेण्याचं ठरवलं आहे, माल पाठवू नये. आधी शेल्फवर गेलेल्या याच नावाच्या मेणबत्त्या आणि भांडी मार्कडाउन करूनही, म्हणजे किंमत उतरवूनही, हलत नव्हती, असं आयातदारानं फोनवर सांगितलं. टॉवेल तर अजून कुणी पाहिलेलाही नव्हता.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक दुखण्याला टॅरिफ हेच कारण सांगितलं जातं. ही ऑर्डर त्याच्या आधीच रद्द झाली. म्हणून मला तिच्याकडे नीट बघावंसं वाटतं.

माझे पहिले साहेब मार्था स्टुअर्टच्या, म्हणजे अमेरिकेला घर मांडायला शिकवणाऱ्या बाईच्या, काळातले. त्यांच्या तोंडी ते नाव आदरानं यायचं. केमार्ट या दुकानांच्या साखळीनं १९८७ मध्ये तिला सल्लागार म्हणून घेतलं. १९९० मध्ये तिचं मासिक निघालं. १९९७ मध्ये केमार्टच्या शेल्फवर तिच्या नावाच्या चादरी, टॉवेल, रंग आले आणि साध्या पगाराच्या अमेरिकन घरातही ‘चांगली चादर कशी ओळखायची’ याची चर्चा सुरू झाली. १९९९ मध्ये तिची कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली. शेअर विक्रीच्या एका प्रकरणात तपासयंत्रणेशी खोटं बोलल्याबद्दल तिला पाच महिने तुरुंगवास झाला, २००५ च्या मार्चमध्ये ती सुटली आणि २००७ मध्ये मेसीज या दुसऱ्या साखळीनंही तिच्या नावाचा माल शेल्फवर मांडला. तुरुंगात जाऊन आल्यावरही नाव टिकलं. का टिकलं? कारण ही बाई टीव्हीवर उभी राहून इलॅस्टिकच्या चादरीची घडी कशी घालायची ते स्वतःच्या हातांनी दाखवायची. तिचा स्वभाव, तिचे व्यवहार यांबद्दल कुणाचं काहीही मत असो, तिला वस्तू कळते यावर गिऱ्हाइकाचा विश्वास होता.

मग तेच नाव हातोहात फिरू लागलं. २०१५ मध्ये एका ब्रँड कंपनीनं तिची कंपनी सुमारे ३५ कोटी डॉलरला घेतली आणि २०१९ मध्ये साडेसतरा कोटी डॉलरला पुढे विकली. २०२२ मध्ये मासिकाची छापील आवृत्ती बंद झाली. ज्या बाईला खरंच काम येत होतं तिच्या नावाची ही गत, तर बाकीच्यांचं काय? अभिनेत्री ब्लेक लाइव्हलीची प्रिझर्व्ह ही साइट २०१४ मध्ये निघाली आणि २०१५ मध्ये बंद झाली. अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रोच्या गूप या ब्रँडला २०१८ मध्ये आरोग्याच्या दाव्यांवरून १ लाख ४५ हजार डॉलर भरून तडजोड करावी लागली. तरी दरवर्षी नवी नावं येतातच. २०२५ मध्ये मेगन मार्कलनं फळांचा स्प्रेड आणि चहा आणला.

आमच्या ऑफिसातला मार्केटिंगचा मुलगा म्हणतो की आता लोकांना घर मांडायला शिकवायला सिनेतारका लागत नाही, मधल्या फळीतल्या कुठल्याही शहरातली बाई फोन लावून टॉवेलाची घडी दाखवते आणि खाली लोक तिला प्रश्न विचारतात, ती उत्तरंही देते. त्याचं बरोबर आहे. पण तेवढंच असतं तर टेक्सासच्या गेन्स दांपत्याचं नाव टार्गेट या दुकानांच्या साखळीत २०१७ पासून चाललंच नसतं. त्यांना लोकांनी टीव्हीवर वर्षानुवर्षं भिंती पाडताना, फरश्या बसवताना पाहिलं आहे. मला वाटतं, गिऱ्हाइकाला हात दिसावा लागतो. आमच्या ऑर्डरमध्ये फोटो होता, सही होती, लाँचची तारीख होती. हात कुठेच नव्हता. असे जे हात होते ते सोलापुरात होते आणि ते दाखवायची कुणाला गरज वाटली नाही.

करारात लिहिलं होतं की नाव असलेला एकही नग बाजारात जाता कामा नये. लेबलं, हँगटॅग (लोंबत्या चिठ्ठ्या), बेली बँड (टॉवेलाभोवतीच्या पट्ट्या) नष्ट करून त्याचा व्हिडिओ पाठवायचा. मग कार्टन फोडले.

लेबल कात्रीनं कापून चालत नाही, हेमच्या कडेला त्याची खुंटी राहते. हेम दुमडलेलं असतं आणि लेबल त्या दुमडीत टाक्याखाली धरलेलं. म्हणजे रिपरनं चार बोटं टाके उसवायचे, लेबल ओढायचं, हेम पुन्हा बसवून शिवायचं. ओढताना लेबलाबरोबर लूप आला की पाइलमध्ये, म्हणजे लूपांच्या थरात, रेघ पडते आणि तो नग सेकंड्समध्ये, म्हणजे दुय्यम मालात. पुन्हा शिवताना टाका जुन्या भोकातून गेला तर ठीक, नाहीतर काठाला चाळण. शिकाऊ मुली पहिल्या तासात कितीतरी नग वाया घालवणार हे दिसत होतं, म्हणून अक्कांनी त्यांना फक्त पॉलीबॅग काढायला बसवलं आणि उसवायला जुन्या बायका घेतल्या.

अक्का साखर पेठेतल्या, पद्मशाली घरातल्या. आईनं विड्या वळल्या, यांनी टॉवेल धरले. रिपर चालवता चालवता त्यांनी लेबल उजेडात धरलं.

‘म्याडम, ही बाई कोण हाय?’

‘अमेरिकेतली नटी आहे, अक्का. घर कसं सजवायचं ते सांगते.’

‘मग तिनं बगितला का टॉवेल?’

‘नमुना पाठवला होता. फोटो काढले त्याचे.’

‘फोटो नव्हं. वापरला का?’

मला उत्तर माहीत नव्हतं. आजही नाही. अक्कांनी दुसरा टॉवेल ओढला आणि म्हणाल्या, ‘माल चांगला हाय. बाईला सांगा, माल चांगला व्हता.’

उन्हाळ्याचे दिवस होते, चेकिंग हॉलमध्ये कूलर असूनही कपाळावरचा घाम टॉवेलावर पडू नये म्हणून बायका पदर बांधून बसल्या होत्या. आमच्याकडे त्या नगावर काम करतात. तपासलेले नग मोजले जातात, उसवलेले नाहीत, कारण उसवणं हे ‘प्रॉडक्शन’ नाही. मला या नियमाचा राग येतो. नाव शिवलं तेव्हा आयातदारानं लेबलाचे पैसे दिले, नाव चढवल्याबद्दल तिकडे रॉयल्टी ठरली, मग नाव उतरवण्याची किंमत शून्य कशी? भरपाईच्या तक्त्यात सूत, डाय, पॅकिंग असे रकाने होते. मी एक ओळ वाढवली, लेबल काढण्याची मजुरी. आयातदारानं ती खोडून परत पाठवली. तेव्हा मी मालकांसमोर बसले. मालक वाईट नाहीत, पण त्यांना सुताच्या भावाशिवाय दुसरा आकडा पटकन ऐकू येत नाही. बऱ्याच वादानंतर त्यांनी त्या कामाची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, लावली. नगाच्या कमाईपेक्षा ती कमीच पडते, पण लागली.

उसवलेला माल बिनलेबलाचा, पडेल भावात एका स्टॉक घेणाऱ्याला गेला. तिथंच हे संपलं असतं.

पण काही महिन्यांनी दुसऱ्या एका आयातदाराकडून चौकशी आली. दुकानांची साखळी तीच, ब्रँड मात्र त्या दुकानाचा स्वतःचा, कुणाचंही नाव नसलेला. सोबत रंगाचा स्वॅच होता. मी लाइट बॉक्समध्ये धरला आणि डायमास्टरना हाक मारली. तो आमचाच टॉवेल होता, चार इंचांचा तुकडा. तीच शेड, तीच बॉर्डर, तोच लूप. नमुना म्हणून पाठवलेला टॉवेल बायरच्या कपाटात राहिला असणार आणि कुणाला तरी तो आवडला असणार. रॉयल्टी नाही म्हणून दुकानातली किंमत कमी, आमचा भावही थोडा दाबलेला. ती ऑर्डर गेली, विकली गेली आणि रिपीट आली.

याचा अर्थ मी पुष्कळदा लावून पाहिला आहे. लोकांनी नाव नाकारलं की नावामुळे वाढलेली किंमत? की दोन्ही एकच? दुकानवाल्यांनाही आता कळलंय की चांगला टॉवेल विकायला उसनं नाव लागत नाही. मला याचा आनंद व्हायला हवा. झालाही. पण बिननावाच्या टॉवेलावरही डायमास्टरचं किंवा अक्कांचं काही नाही. ‘मेड इन इंडिया’ एवढी एक बारीक ओळ आहे.

गेल्या आठवड्यात पुन्हा एक प्रसिद्ध नाव चौकशीला आलं आहे, या वेळी एक गायिका. मालक म्हणतात घेऊया, लूम रिकामे आहेत. मीही घेऊ म्हणाले, पण प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे मालाआधीचं कच्चं बिल, मी बनवला. त्यात लेबल सगळ्यात शेवटी, कंटेनरची तारीख पक्की झाल्यावर लागेल असं लिहिलं आहे. आणि लेबल काढायची वेळ आली तर प्रत्येक नगामागे किती, ती ओळ आधीच घातली आहे, तपासणीच्या दराच्या दुप्पट. आयातदार ती पुन्हा खोडेल. खोडली तर मी पुन्हा घालणार आहे, आणि मालकांना तसं सांगून ठेवलं आहे.