गाडी विकली एकदाची

शेवटी बाईक विकली. लोक विचारतात वाईट वाटत असेल ना, मी हो म्हणतो कारण तेच म्हणायचं असतं, पण खरं सांगू का, सगळ्यात आधी वाटलं ते "सुटलो" असं. वाईट वाटलं ते त्यानंतर, आणि तेसुद्धा अर्धं याचंच की आपल्याला सुटल्यासारखं वाटलंच कसं.

चालवणं कधीच कमी झालं होतं. आणि नुसती उभी ठेवली की गाडी आहे तशी राहते हा निव्वळ गैरसमज. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल हळूहळू उडून जातं, मागे चिकट थर राहतो, पायलट जेट, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, तिचं भोक बहुतेक गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, ते पहिलं तुंबतं, मग गाडी चोकवर चालू होते आणि चोक काढला की बंद. टाकी अर्धी रिकामी असेल तर ओलाव्याने आतून गंज धरते. बॅटरी आपोआप उतरते आणि उतरलेली तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट जमून कामातून जाते. टायर दिसायला नवे, नक्षी शाबूत, पण कडेचे चार आकडे बघा, 2316 असेल तर तो 2016 सालच्या 23व्या आठवड्यातला, आणि रबर तेव्हापासून कडकच होत आलंय. मी अधूनमधून कव्हर काढून पाच मिनिटं चालू करायचो, पण त्याने इंजिन धड तापतही नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. म्हणजे प्रेमापोटी ठेवायची आणि तिने उभ्या उभ्या सडायचं, याला काय अर्थ आहे.

जाहिरात टाकल्यावर "लास्ट किती" विचारणारे आले, काही बघायच्या आधीच. एक जण म्हणाला घेतली की पहिला सायलेन्सर बदलणार, आवाज पाहिजे. त्याला गाडी गेली म्हणून सांगितलं, गेली नव्हती.

मग एक जण आला, फारसं बोलला नाही. आल्या आल्या इंजिनला हात लावून बघितला, गार आहे ना म्हणून. म्हणजे मी आधीच चालू करून, गरम करून ठेवलेली नाहीये याची खात्री. तेव्हाच कळलं की याला कळतं. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं, बेअरिंग कुठे अडकतंय का बघायला, पुढच्या शॉकअपवर तेलाची रेघ आहे का बघितलं, चोक स्वतःच ओढला, दोन मोकळ्या किका मारल्या आणि पुढच्या किकला चालू. मला आनंद झाला आणि जरा रागही आला, माझ्याकडे इतकी शहाण्यासारखी कधी चालू झाली नव्हती ती.

मग त्याने टाकीवर बोट ठेवलं. दोन्ही बाजूंना जिथे गुडघे टेकतात तिथला रंग घासून गेलाय. "पेंट करावा लागेल," म्हणाला, आणि लगेच किंमत खाली आणायला लागला. बरोबर होतं त्याचं, मीही तेच केलं असतं, पण ते माझे गुडघे होते राव! बाकीचे सगळे दोष मी आपणहून सांगितले, टॅपेटची टिकटिक, मागचा ब्रेक जरा उशिरा धरतो ते, न्यूट्रल थांबल्यावर पडत नाही, गाडी जरा सरकत असतानाच हलकेच टाकायचं. त्याने प्रत्येक दोषाचे पैसे कापले. न्यूट्रलचं मात्र ऐकल्यासारखं केलं फक्त.

कागदांवर सह्या झाल्या, चाव्या दिल्या, दोन्ही. पाने, चेनचं तेल, जास्तीचा प्लग, सगळं एका पिशवीत घालून दिलं, मागे काही ठेवलं तर उगाच बघत बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. सिग्नलला न्यूट्रल लागत नाही म्हणे. म्हटलं सांगितलं होतं ना, थांबायच्या आधी टाक. चांगलं दहा मिनिटं समजावलं, क्लच किती सोडायचा, पायाने दाबायचं नाही, नुसतं टोचायचं. फोन ठेवल्यावर एकदम फ्रेश वाटलं. त्यानंतर त्याचा फोन नाही, जमलं वाटतं त्याला.