आमची वाटचाल : साठवलेल्या स्केचमधून पॅनेलचा दरवाजा

भोसरीत इलेक्ट्रिक पॅनेलचे पत्रे लेझरवर कापून देणं हा आमचा धंदा. सुरुवातीला प्रत्येक दरवाजाचं ड्रॉइंग कोऱ्या पानापासून व्हायचं, आणि त्यात फिरून फिरून तेच असायचं: 96 मिमीच्या मीटरसाठी 92 बाय 92चा चौकोन, पुश बटणासाठी 22.5 मिमीचं भोक. म्हणून फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कटआउटचं (पत्र्यात कापायच्या भोकाचं) एकेक पक्कं स्केच करून ठेवलं, मध्यबिंदू ओरिजिनवर, म्हणजे शून्य बिंदूवर. ती दरवाजाच्या स्केचमध्ये ओवायचं काम पायथनच्या मॅक्रोकडे (आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे) दिलं.

फ्रीकॅडची ‘मर्ज स्केचेस’ कमांड दोन-तीन स्केचना पुरते. पण ती रेषा जशाच्या तशा उचलते आणि प्लेसमेंट (स्केचची जागा) पहिल्या स्केचचं लावते. आमचे सगळे कटआउट एकावर एक बसायचे.

मॅक्रोत खरी मेख रेषांच्या क्रमांकांची. दरवाजाच्या चार रेषा 0 ते 3. मीटरच्या चौकोनाच्याही मूळ स्केचमध्ये 0 ते 3च. एकत्र आल्यावर त्या 4 ते 7 होतात. म्हणून चौकोनाच्या प्रत्येक कन्स्ट्रेंटमधल्या (रेषांवर घातलेल्या माप किंवा जागेच्या अटीमधल्या) फर्स्ट, सेकंड, थर्ड या रेषांच्या आकड्यांत 4 मिळवायचे. विसरलात तर 92चं माप दरवाजाच्या कडेला चिकटतं. मात्र शून्याखालच्या आकड्यांना हात लावायचा नाही: -1 हा आडवा अक्ष, -2 उभा, -2000 म्हणजे ‘काही नाही’. -1 मध्ये 4 मिळवले की 3 होतो, आणि अक्षाऐवजी दरवाजाची कड धरली जाते.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती एरर देत नाही. रेषा योग्य जागी सरकवल्या तरी ‘ओरिजिनभोवती सिमेट्रिक’ हा जुना कन्स्ट्रेंट सोबत येतो आणि सोल्व्ह होताच (फ्रीकॅडचा सोल्व्हर सगळ्या अटी जुळवतो तेव्हा) कटआउट परत ओरिजिनवर ओढतो. दोन मीटर असले तर दोन्ही एकाच जागी, आणि सोल्व्हर खुशाल 0, म्हणजे ‘सगळं ठीक’, देतो. आम्ही तो कन्स्ट्रेंट गाळतो आणि चौकोनाच्या कोपऱ्यापासून ओरिजिनपर्यंत आडवं-उभं अंतर नव्याने देतो. मापांची सूत्रंही कन्स्ट्रेंटबरोबर येत नाहीत, ती सेट-एक्स्प्रेशन या कमांडने पुन्हा लावावी लागतात.

कन्स्ट्रेंट एकेक करून घालू नका, एकच यादी द्या. नाहीतर प्रत्येक वेळी सोल्व्हर चालतो आणि मोठ्या दरवाजाला ताटकळत बसावं लागतं. मग सोल्व्हचा आकडा पाहा: -2 म्हणजे जादा कन्स्ट्रेंट, -3 म्हणजे एकमेकांशी भांडणारे.

ग्राहकाच्या डीएक्सएफमधून (ड्रॉइंगच्या फाइलमधून) आलेल्या स्केचची टोकं बऱ्याचदा जुळलेली नसतात. ती जोडणाऱ्या ‘व्हॅलिडेट स्केच’मध्ये आम्ही 0.01 मिमी सहनशीलता ठेवतो, म्हणजे इतक्या जवळची टोकंच एक धरली जातात. ती 0.5 केली तर अरुंद खाचेची दोन टोकंही एकत्र येतात. एकावर एक पडलेल्या रेषा आधी काढा, नाहीतर लेझर त्याच रेषेवरून दोनदा जातो आणि कड जळते. शेवटी स्केचच्या शेपमधल्या वायर (जोडलेल्या रेषांच्या साखळ्या) मोजा. दरवाजाची एक आणि कटआउट जितके तितक्या, सगळ्या बंद असतील तरच डीएक्सएफ मशीनवर पाठवतो.