डावी बाजू चालू, टोचतंय उजव्या कानामागे

तक्रार एवढीच होती. चाचणीला बसलेल्या बाईंनी स्टॉपचं बटण दाबून हेडफोन उतरवला, तेव्हा अ‍ॅपमध्ये फक्त डावा चॅनेल चालू होता आणि संपर्काचे दोन्ही दिवे हिरवे होते. यंत्राच्या मते सगळं जागच्या जागी होतं.

हा नमुना आमच्याकडे तपासणीसाठी आला होता. कान पूर्ण झाकणारा आणि मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हला कानातून सौम्य करंट देणारा हेडफोन. प्रत्येक कपात सिलिकॉनचा लवचीक दांडा, त्याच्या टोकाला ५ मिलिमीटर व्यासाची चकती. ही चकती टेकते ती कानाच्या भोकाच्या वरच्या अरुंद खोलगट जागेत, म्हणजे सिंबा कोंकामध्ये. जागेची निवड बरोबर होती. पॉयकर आणि फिलर यांनी २००२ साली कानाच्या विच्छेदनाचे जे निष्कर्ष मांडले, त्यात व्हेगस नर्व्हची शाखा या जागेत प्रत्येक कानात सापडली होती. कानाच्या पाळीला मात्र वेगळी नर्व्ह जाते, म्हणून खोट्या उपचाराची तुलना करायची असेल तेव्हा इलेक्ट्रोड बहुधा पाळीवर लावतात.

करंट परत येण्यासाठी कुशनच्या मागच्या भागात, कानामागच्या हाडावर टेकणारं दीड बाय चार सेंटिमीटरचं वाहक कापडाचं रिटर्न पॅड होतं. पल्स २५ हर्ट्‌झच्या, दोन्ही दिशांना प्रत्येकी २५० मायक्रोसेकंद, कमाल २ मिलिअँपिअर. करंट ठरलेला ठेवायचा म्हणून सर्किट लागेल तेवढं व्होल्टेज चढवतं, त्याची कमाल ४० व्होल्ट. ४० भागिले २ मिलिअँपिअर म्हणजे २० किलोओहम. तेवढीच मर्यादा संपर्क तुटल्याची खूण म्हणून ठेवलेली होती. गणित चोख, आणि घोटाळा नेमका तिथेच.

बाईंना चष्मा होता. चष्म्याची काडी कानावरून मागे जाते आणि कुशनला नेमकी रिटर्न पॅडच्या वरच्या टोकाशी उचलते. डाव्या बाजूचं पॅड पूर्ण उचललं गेलं होतं, तर उजव्या बाजूचं जेमतेम एका कोपऱ्याने टेकत होतं. चष्मा काढून तोच प्रयोग केल्यावर टोचणं बंद झालं. इथवरचा भाग सोपा होता. डाव्या बाजूची परतीची वाट बंद असूनही २ मिलिअँपिअर कसे वाहत होते, हा खरा प्रश्न.

माणसाला बाजूला ठेवून रेझिस्टर-कपॅसिटरचं खोटं डोकं जोडलं. चकतीसाठी १० किलोओहम आणि त्याला समांतर ४७ नॅनोफॅरड, मोठ्या पॅडसाठी १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड, कानाच्या आतल्या वाटेसाठी ५०० ओहम, एका कानाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटेसाठी आणखी ३०० ओहम. चारही तारांत प्रत्येकी १०० ओहमचा रेझिस्टर टाकला, म्हणजे २ मिलिअँपिअरला २०० मिलिव्होल्ट दिसतात. सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप, म्हणजे स्कोप, बॅटरीवरचा घेतला. मेन्सवर चालणाऱ्या स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते. ती परतीच्या तारेला लावली की करंटला नवीच वाट मिळते आणि शोधत असलेला दोष एकतर लपतो किंवा नसलेला दिसू लागतो. माणसाच्या अंगावर इलेक्ट्रोड असताना तर मेन्सवरचं कोणतंही उपकरण जोडायचंच नाही.

डावं पॅड सोडवलं. डाव्या परतीच्या तारेत शून्य आणि उजव्या परतीच्या तारेत पुरे २०० मिलिव्होल्ट! उजवा चॅनेल बंद होता, पण त्याचं रिटर्न पॅड जिवंत होतं, कारण दोन्ही रिटर्न पॅड हेडबँडमधून जाणाऱ्या एकाच तारेवर बांधलेले होते. असं का करतात ते समजण्यासारखं आहे. हेडबँड लांब-आखूड करताना आतल्या तारा रोज वाकतात आणि सरकत्या जोडाशीच तुटतात. ऑडिओच्या तारा आधीच तिथून जातात, त्यात आणखी एक तार कोणाला नको असते.

मग हिरवा दिवा का? जवळजवळ सगळा अडथळा त्या छोट्या चकतीखालच्या त्वचेत असतो. पल्सच्या शेवटी मोजला तर चकतीचे सुमारे ४ किलोओहम, मोठ्या पॅडचे दोनशे-सव्वादोनशे ओहम. डावीकडची नेहमीची वाट ४.८ किलोओहमची, डोक्यातून आरपार जाणारी ५.१ ची. एवढा फरक तर घाम आला किंवा जेल सुकलं तरी पडतो. उजव्या पॅडचा फक्त तीन बाय तीन मिलिमीटरचा कोपरा टेकला असं धरून ९ किलोओहम घातले, तरी बेरीज १४ च्या आसपासच. म्हणजे २० ची मर्यादा ओलांडलीच जात नाही.

टोचण्याचं कारणही त्या कोपऱ्यातच होतं. अशा पल्समध्ये २ मिलिअँपिअरचं आरएमएस मूल्य, म्हणजे पल्समधला थांबा धरून काढलेली परिणामी सरासरी, ०.२२ मिलिअँपिअर येतं. चकतीचं क्षेत्रफळ ०.२ चौरस सेंटिमीटर, म्हणून घनता दर चौरस सेंटिमीटरला १.१. कोपऱ्याखाली तीच अडीचच्या घरात जाते. नर्व्ह-स्नायू उत्तेजकांसाठीच्या आयईसी ६०६०१-२-१० या मानकात २ मिलिअँपिअर आरएमएस दर चौरस सेंटिमीटर यापुढे खास लक्ष द्यायला सांगितलेलं आहे. कोपरा टोचला हे एका अर्थी बरंच झालं. उजवं पॅड नीट बसलं असतं तर बाईंना तिकडे फारसं काही जाणवलं नसतं, डाव्या चकतीखाली नेहमीसारख्याच मुंग्या आल्या असत्या आणि करंट निवांत डोक्यातून आरपार जात राहिला असता. दोन कानांमागच्या हाडांवर इलेक्ट्रोड लावून एकदिश करंट सोडणं ही तोल सांभाळणारी यंत्रणा मुद्दाम डिवचण्याची पद्धत आहे. माणूस एका बाजूला झुकतो. इथे पल्स दोन्ही दिशांनी समतोल होत्या आणि वाटेत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता, म्हणून तसं काही झालं नाही. पण न ठरवलेल्या वाटेने करंट जाणं हाच दोष.

दुरुस्तीत पहिलं काम रिटर्नच्या तारा वेगळ्या करण्याचं. बंद बाजूची दोन्ही टोकं फोटोमॉस रिलेने, म्हणजे प्रकाशाने चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचने, उघडी ठेवली. रिले ८० व्होल्टच्या वरचा हवा, कारण दोन्ही दिशा मिळून तेवढा झोका बसू शकतो. इथे स्वस्तातला १२ व्होल्टचा अ‍ॅनालॉग स्विच टाकला की त्याच्या आतल्या डायोडमधून करंट गळतो आणि बंद चॅनेल अर्धवट चालूच राहतो. दुसरं, जाणारा आणि येणारा करंट एकाच बाजूला वेगवेगळा मोजायचा. सलग तीन पल्समध्ये ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला की थांबायचं. घरातल्या ईएलसीबीचं, म्हणजे करंट गळताच वीज तोडणाऱ्या स्विचचं, तत्त्व हेच. नुसता अडथळा मोजून ही चोरी कधीच पकडता येत नाही. नंतर चार तारांच्या सोळाही शक्यता, एकेक संपर्क सोडून-जोडून, खोट्या डोक्यावर तपासल्या. डावं पॅड सुटलेलं असताना आता डावीकडून करंट वाहतच नव्हता, व्होल्टेज ४० ला भिडत होतं आणि दिवा लाल होत होता.

तिसरी सूचना कुशनची. काडीसाठी खाच पाडण्याचा पर्याय निघाला, पण काड्यांची जाडी आणि उंची सारखी नसते. मला पटतो तो उपाय वेगळा: रिटर्न कानामागे ठेवूच नये. त्याच दांड्यावर, चकतीपासून १० मिलिमीटर खाली दुसरी चकती बसवावी. दांडा हलला तर दोन्ही एकदम सुटतात आणि संपर्क तुटल्याचं लगेच कळतं. शिवाय काडी, केस, कुशनचा फोम यांच्याशी काही संबंध उरत नाही.

याची किंमत घामाच्या रूपात मोजावी लागते. बंद कपात अर्ध्या तासात दोन चकत्यांमधलं सिलिकॉन ओलं होतं आणि करंट त्वचेत न शिरता ओलाव्यावरून सरकतो. मुंग्या कमी झाल्या म्हणून माणूस पातळी वाढवतो, आणि कप हलून हवा लागली की वाढवलेला करंट एकदम त्वचेला बसतो. म्हणून चकत्यांच्या मध्ये दीड मिलिमीटर उंचीचा सिलिकॉनचा वरंबा घातला, आणि अडथळ्याला खालचीही मर्यादा लावली: १ किलोओहमच्या खाली गेला की पल्स बंद. पुन्हा सुरू करताना आधीची पातळी लक्षात ठेवायची नाही, शून्यापासून चढायचं.