मोगरा कमी, चंदन जास्त

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी पुण्यातील एका सुपरमार्केटमध्ये बिलिंग काउंटरवर रुजू झालो, तेव्हा स्टोअर मॅनेजर म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट घालून दुकानभर फिरणारा आणि चिडलेल्या ग्राहकांची समजूत काढणारा माणूस, एवढीच माझी कल्पना होती. काउंटर, विभागप्रमुख, सहायक मॅनेजर अशा पायऱ्या चढत त्या खुर्चीपर्यंत (खुर्ची असते, बसायला सवड नसते) पोहोचायला मला सात वर्षे लागली. हे काम मुख्यतः मोजदादीचे आहे, हे त्याच काळात हळूहळू उमगले.

विभागप्रमुख झाल्यानंतरच्या पहिल्याच स्टॉक मोजणीत मोगऱ्याचे साबण संगणकातील आकड्यापेक्षा ४१ कमी भरले. मी चोरीच गृहीत धरली आणि मनातल्या मनात दोन मुलांवर संशयही घेतला. आमच्या तेव्हाच्या मॅनेजरबाईंनी शांतपणे विचारले, "चंदनाचे किती जास्त आहेत?" ते ३९ जास्त निघाले. ग्राहक एकाच किमतीचे निरनिराळ्या सुगंधांचे चार साबण घेतो आणि कॅशियर घाईत हाती आलेला एकच साबण चार वेळा स्कॅन करतो. बिल पैशापर्यंत बरोबर येते, पण संगणकाच्या लेखी चंदन संपत जाते आणि मोगरा जागेवरच राहतो. मग नवी मागणी चंदनाचीच जाते आणि मोगऱ्याचा रॅक आठवडाभर रिकामा दिसतो. काउंटरवर असताना मीही हेच करत होतो, हे बाईंना मी अर्थातच सांगितले नाही.

किराण्यात नफ्याचे प्रमाण इतके कमी असते, की अशी गळती परवडत नाही. समजा, शंभर रुपयांच्या पाकिटामागे सगळा खर्च वजा जाता तीन रुपये उरत असतील, तर उंदराने कुरतडलेल्या एका पाकिटाची भरपाई करायला बत्तीस-तेहतीस पाकिटे विकावी लागतात. म्हणूनच आधी संपणाऱ्या मुदतीचा माल पुढे आणि नवा मागे, ही शिस्त मला विक्रीच्या टार्गेटपेक्षा मोलाची वाटते.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, साबण, शांपू आणि टूथपेस्टवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच्या आदल्या रात्री आम्ही रॅकवरच्या किमतीच्या पट्ट्या बदलत बसलो होतो. सकाळी बिलात नवी किंमत आणि वेष्टनावर जुनी छापील किंमत पाहून ग्राहक गोंधळले. कमी पैसे घेत असूनही खुलासा द्यावा लागण्याचा तो एकमेव दिवस असावा.

या क्षेत्राविषयी विचारणाऱ्यांना मी रविवार आणि दिवाळीची सुट्टी विसरण्याची तयारी आधी विचारतो. व्यवस्थापनाची पदवी असेल, तर थेट प्रशिक्षणार्थी म्हणून प्रवेश मिळतो. तरीही माझ्या दुकानात पहिले तीन महिने काउंटरवरच काढावे लागतात. सध्याच्या प्रशिक्षणार्थी मुलीला ते सुरुवातीला कमीपणाचे वाटले असावे. तिसऱ्या आठवड्यात मात्र तीच चार बिस्किटपुड्यांचा एकत्रित पॅक घेऊन माझ्याकडे आली: बाहेरच्या पारदर्शक वेष्टनातून आतल्या पुड्याचा बारकोड स्कॅन होत होता आणि चार पुड्यांना एकाचेच पैसे लागत होते.