बर्लिन: भिंतीच्या एका बाजूला डोनर, दुसऱ्या बाजूला फो

बर्लिनला जाऊन जर्मन जेवणच शोधत बसू नका, हे आधीच सांगून टाकतो. ते मिळतं. बाबांनी क्योनिग्सबर्गर क्लॉप्स, म्हणजे केपर घातलेल्या पांढऱ्या रश्श्यातले खिम्याचे गोळे, मिटक्या मारत खाल्ले. पण या शहराची खरी खवय्येगिरी बाहेरून आलेल्या लोकांच्या हातात आहे. आणि कुठल्या भागात काय चांगलं मिळेल, हे अजूनही बऱ्याच अंशी पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधल्या, आता पडलेल्या भिंतीवर ठरतं.

पश्चिम जर्मनीने 1961 साली तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला. आलेल्यांपैकी बरेच जण क्रॉइत्सबर्गमध्ये राहिले, कारण भिंतीला खेटलेल्या त्या भागात भाडी कमी होती. पूर्वेकडे 1980 नंतर व्हिएतनाममधून कंत्राटी कामगार आणले गेले. 1989 मध्ये भिंत पडली, पाठोपाठ पूर्वेकडचे कारखाने बंद पडले, आणि काम गेलेल्या अनेकांनी खाण्याच्या टपऱ्या नाहीतर छोटी दुकानं टाकली. म्हणून तुर्की खायला क्रॉइत्सबर्ग आणि व्हिएतनामी खायला थेट पूर्वेला लिश्टेनबर्ग, असा आमचा बेत होता.

डोनर म्हणजे उभ्या फिरत्या सळईवर भाजलेल्या मांसाचे काप. ते पावात भरून हातात द्यायच्या प्रकाराचं श्रेय सहसा कादिर नुरमान यांना देतात: साल 1972, जागा झू स्टेशनच्या आसपास. दावेदार आणखीही आहेत. आज क्रॉइत्सबर्गमधल्या कॉटबुसर टोर स्टेशनला उतरलात की चारही दिशांना फिरत्या सळया दिसतात. निवड कशी करायची? सळईवरच्या मांसाकडे बघा. एकावर एक रचलेले काप दिसत असतील तर थांबा. गुळगुळीत, एकसारखा शंकू असेल तर तो बहुतेक खिमा थापून केलेला असतो, पुढे चला. भाव साधारण 7-8 युरो, आणि एकात एका माणसाचं जेवण होतं. सॉस कुठला, हे विचारतातच: हर्ब, लसूण की तिखट. तिखट बेधडक सांगा, आपल्या जिभेला ते जेमतेम लागतं.

शाकाहाऱ्यांनी इथे सावध राहायचं. ‘गेम्युझ कबाब’ या नावात भाजी आहे, पण आत चिकन असतं; तळलेली भाजी त्याच्या जोडीला. आई अंडंसुद्धा खात नाही, त्यामुळे तिच्यासाठी प्रत्येक ठिकाणी फलाफल (हरभऱ्याचे तळलेले वडे) किंवा हलूमी चीज मागत होतो. त्यातच सुदानी टपऱ्यांचा शोध लागला. फलाफल नेहमीचंच, पण वरून शेंगदाण्याचा दाट सॉस. आईने पहिल्या घासालाच ‘यात दाण्याचं कूट आहे’ म्हणून जाहीर केलं आणि पुढे रोज तेच हवं म्हणाली.

माइबाखउफरचा कालव्याकाठचा तुर्की बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. यू 8 या मेट्रोने शोनलाइनस्ट्रासे स्टेशनला उतरा. तिथे ग्योझलेमे खाच. एक आजीबाई काठीसारख्या बारीक लाटण्याने पोळी लाटत होत्या, इतकी पातळ की खालचं फळकूट दिसावं. त्यात पालक आणि चीज पसरून घडी घातली आणि उपड्या तव्यावर टाकली, खानदेशात खापरावर मांडे टाकतात तशी. भेंडी, कोथिंबीर, पुदिना सगळं ढिगाने होतं. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी भाव पडतात, स्वयंपाकघर असलेल्या घरात उतरला असाल तर तेव्हाच जा.

तिथून नॉयक्योल्नची झोनेनअली फार लांब नाही. या रस्त्यावर आधी लेबनॉनच्या यादवीतून निसटलेली आणि 2015 नंतर सीरियातून आलेली माणसं स्थिरावली. हमूस (हरभऱ्याची चटणी), झातर हा सुगंधी पाल्याचा मसाला लावलेली मनाकिश रोटी, आणि गरमागरम कुनाफा, म्हणजे चीज घातलेला गोड पदार्थ. कुनाफ्यासाठी जेवण थोडं कमी करा.

लिश्टेनबर्गमधला व्हिएतनामींचा डाँग शुआन सेंटर म्हणजे हर्ट्सबर्गस्ट्रासेवरची घाऊक बाजाराची लांबच लांब गोदामं. एम 8 ट्राम जाते, मंगळवारी बंद. प्लास्टिकची फुलं, नखं रंगवायचं सामान, तांदळाची पोती यांच्या मधेमधे खाणावळी आहेत. बाबांचा फो, म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया, उत्तम होता. आईसाठी भाज्यांचा वाडगा मागवला, पण फिश सॉस नको हे वेगळं सांगावं लागलं. ‘व्हेज’ म्हटलं की तो आपोआप वगळतात असं समजू नका.

करीवुर्स्ट मात्र माझ्या मते एकदा खाऊन सोडून द्यायचा प्रकार. हेर्टा हॉयवर यांनी सप्टेंबर 1949 मध्ये शार्लोटनबुर्गमधल्या टपरीवर तो पहिल्यांदा विकला असं मानतात. सॉसेज, टोमॅटोचा गोडसर सॉस, वर करी पावडर. सॉसेज सालीसकट की सालीशिवाय, हा प्रश्न येईल. बहुतेकदा डुकराचं असतं, पण बऱ्याच टपऱ्यांवर आता व्हीगनही मिळतं.

भारतीय रेस्टॉरंटं पावलोपावली आहेत. एका ठिकाणी आईच्या हट्टाखातर गेलो: पनीर गोड, डाळ क्रीममध्ये बुडालेली, मेनूवर मॅंगो करी. खरंच भारतीय खायचं तर ज्या दक्षिण भारतीय जागांमध्ये आपलीच माणसं बसलेली दिसतात तिथे जा.

खिशात रोकड ठेवा, छोट्या जागी कार्ड चालेलच असं नाही. पाणी फुकट येत नाही, आणि नुसतं ‘वॉटर’ म्हटलं तर सोड्यासारखं फसफसतं येऊ शकतं. ‘श्टिलेस वासर’ म्हणा. टिप साधारण पाच ते दहा टक्के, पण टेबलावर ठेवून निघू नका. 27 चं बिल असेल तर पैसे देतानाच ‘30’ म्हणायचं. बाटलीवर अनामत असते, प्लास्टिकच्या एकदा वापरायच्या बाटलीला 25 सेंट. सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते आणि काउंटरवर पैसे परत. रविवारी सुपरमार्केटं बंद असतात. दूध-फळं शनिवारीच आणा, नाहीतर मुख्य रेल्वे स्टेशनमधली दुकानं उघडी असतात, पण तिथे अख्खं बर्लिन रांगेत उभं असतं.