चुनखडीचा वायू कोणाच्या खात्यात?

चुनखडीमिश्रित सिमेंटचे ठोकळे कार्बन डायऑक्साइडमध्ये क्युअर करण्याचा, म्हणजे त्या वायूत ठेवून घट्ट होऊ देण्याचा, प्रयोग मी केला. त्याबद्दल विचारणारे बहुतेक जण ‘वायू कसा दिलात’ एवढेच विचारतात; वस्तुतः तो सर्वांत सोपा भाग होता. साचे, हवाबंद पेटी, सिलिंडर आणि गेज यांची जुळणी दोन दिवसांत झाली. मी अडकलो तो ठोकळ्यांनी नेमका किती वायू शोषला, या एका आकड्यावर.

त्यासाठी ठोकळ्याचे चूर्ण एका प्रयोगशाळेत दिले. शोषलेला वायू सिमेंटमध्ये कॅल्शियम कार्बोनेट होऊन राहतो, म्हणून तेथे नमुना तापवत नेतात. साधारण ६०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान कॅल्शियम कार्बोनेटचे विघटन होते आणि वजनातील घट म्हणजे बाहेर पडलेला वायू, असा हिशेब असतो. अहवालातील आकडा पाहून मी हरखलो. चुनखडी हेसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटच, हे ध्यानात यायला दुसरी सकाळ उजाडावी लागली. शुद्ध चुनखडीच्या वजनात ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. माझ्या सिमेंटमध्ये चुनखडी १५ टक्के होती, म्हणजे १०० ग्रॅम सिमेंटमागे ६.६ ग्रॅम वायू पेटीचे दार लावण्यापूर्वीच त्यात होता. (सुदैवाने खडी तरी चुनखडीची नव्हती.)

वायू न दिलेल्या जोडीच्या ठोकळ्याचीही तपासणी करून वजाबाकी करावी, अशी विनंती घेऊन मी गेलो, तर अर्जात नमुन्यासाठी एकच ओळ. दुसऱ्या नमुन्याला दुसरा अर्ज, दुसऱ्या अर्जाला नवा क्रमांक, आणि नवा क्रमांक रांगेच्या शेवटी! तीन आठवड्यांनी आलेल्या अहवालात टक्केवारी कोरड्या नमुन्यावर काढलेली होती, पहिल्यात ओल्यावर. त्यामुळे दोन्ही आकडे सिमेंटच्या वजनावर आणेपर्यंत वजाबाकीला अर्थच नव्हता. ती झाली तेव्हा पहिला आकडा निम्म्याहून खाली आला.

तोवर मी वजनकाट्याकडे वळलो होतो. ठोकळे वायूपूर्वी आणि वायूनंतर तोलावेत. अभिक्रियेच्या उष्णतेने सुटलेले पाणी पेटीच्या भिंतींवर थेंबांनी जमते, ते आधी तोललेल्या टिपकागदाने टिपून हिशेबात धरावे. येथे मुळातल्या चुनखडीचा प्रश्नच येत नाही. हे मला आधी सुचायला हवे होते.

एक राहिलेच. ठोकळे पंख्याखाली थोडे सुकवल्याशिवाय पेटीत ठेवू नयेत. पहिली खेप मी ओलीच ठेवली होती. फोडून फिनॉल्फ्थॅलिन (वायू न पोचलेला भाग गुलाबी करणारे द्रव्य) शिंपडले तेव्हा कडेची बारीक पट्टी तेवढी रंगहीन राहिली आणि आतला सारा भाग गर्द गुलाबी झाला. पाण्याने भरलेल्या छिद्रांतून वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. मात्र ठणठणीत कोरडेही चालत नाही, कारण वायू विरघळायला ओल लागतेच. गळतीचा सेन्सर जमिनीलगत बसवावा. हा वायू हवेपेक्षा जड असतो.

जोडीचा ठोकळा आता मी साचे भरतानाच बाजूला काढून प्लास्टिकमध्ये गुंडाळतो आणि दोन्ही चूर्णांच्या बाटल्या एकाच अर्जाला दोऱ्याने बांधून देतो.