हिवाळ्याची बिअर

"अरे, हिला तर काकवीचा वास येयलाय!" मामांनी ग्लास नाकाजवळ नेला अन् प्यायच्या आधीच निकाल देऊन टाकला.

विंटर एल होती, एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार, भाच्यानं इंग्लंडहून आणलेली, तिकडं थंडीपुरतीच निघते म्हणे. गडद तांबूस, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, त्याची चव दाबून, हॉप्सच्या फुलांचा कडूपणा कुठंतरी मागं. मी बाटली फ्रीजमधून काढून बाहेर ठेवली तर सगळे माझ्याकडं बघायले, जसं काय मी गुन्हाच केला. पण अशी एल बर्फगार प्यायची नसते ना, १०-१२ डिग्रीला आली की माल्ट बोलतो. गार होती तोवर नुसती गोडमिट्ट, मग हळूहळू खजूर, करपत आलेली साखर, अन् घशात जराशी ऊब. माझं मत, एक ग्लास मस्त, दुसरा जड जातो.

मामा म्हणले, "ही प्यायची नाय, चाखायची आहे."

आपल्या वाळूजला एवढ्या ब्रुअरी, २०१६ च्या दुष्काळात त्यांचं पाणी कमी करा म्हणून हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं, अन् आपण काउंटरवर विचारतो काय तर "चिल्ड आहे का?" बास. डिसेंबरात रात्री इथंही पारा १० च्या आसपास येतोच की, मग आपल्याकडं हिवाळ्याची बिअर का नाय निघत?